सोवळ्यातला गेम

एकच गेम दोनदा विकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि माझ्या नशिबाने तो माझा बॉस होता.

महाप्याच्या आमच्या ऑफिसात दवाखान्यांची बिलं बनवणारं सॉफ्टवेअर तपासायचं काम चाले. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या आणि वर पगारही घ्यायचा. माझ्या स्वभावाला हे काम इतकं मानवलं होतं की आमच्या घरचे म्हणत, ही हे फुकटसुद्धा करेल. सर आमच्या टीमचे लीड. चाळिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नाही, शर्ट कायम इन केलेला आणि पाठीवर मात्र शाळेत जाणाऱ्या पोराची असावी तशी निळी सॅक. सॅकेत डबा, पाण्याची बाटली आणि मऊ फडक्यात गुंडाळलेलं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन. उलव्याहून महाप्याला येणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून सर त्याच्यावर खेळत यायचे. घरी टीव्हीला जोडलेला मोठा कन्सोल होता, संध्याकाळी त्याच्यावर खेळायचे. इथपर्यंत ठीक आहे, माणसाला काहीतरी नाद असतोच. पण दोन्हीकडे गेम तोच! हातातल्या मशीनसाठी एक घेतलेला आणि टीव्हीसाठी त्याचाच भाऊ दुसरा.

गेम तसा साधा होता. एक नावाडी पोरगा, त्याची होडी आणि त्याचा कुत्रा. बेटाबेटांवरून फिरत पोराने हरवलेल्या बहिणीला शोधायचं. शोधता शोधता वाटलं तर मासे मारा, भाजी लावा, घर शाकारा. मारामारी नाही, बंदुका नाहीत. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा त्याच्यापेक्षा जास्त हिंसक होत्या.

सरांना या विषयावर छेडायचा मक्ता फरहानकडे होता. फरहान उरणचा, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, आणि पैसे वाया जाताना दिसले की त्याच्या पोटात दुखायचं, मग ते कोणाचेही असोत.

"सर, एक पिच्चर तुमी दोनदा तिकीट काढून बघता काय?"

"आवडला तर बघतो."

"तसं नाय ओ. एकच पिच्चर, एकाच दिवशी, सकाळी वाशीला आनि संध्याकाळी पनवेलला!"

"वाशीला मी एकटा असतो," सर डब्यातून मान वर न करता म्हणायचे, "आणि पनवेलला कोण कोण येतं ते तुला काय माहीत?"

याचा अर्थ त्यांनाच विचारला तर ते सोवळ्याओवळ्यावर यायचे. हा त्यांचा लाडका सिद्धान्त. घरचा गेम सोवळ्यातला. दिवेलागणीनंतर, हातपाय धुऊन, सतरंजीवर नीट मांडी घालून खेळायचा. बसमधला गेम ओवळ्यातला. त्याला येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो, शेजारचा माणूस वडापावचा हात पुढे करून "ये क्या है बॉस?" विचारतो. असला गेम घरच्या टीव्हीवर कसा न्यायचा?

"पण सर, मशीन तर तुम्ही घरी नेताच की," मी म्हणायचे.

"चपलाही नेतो. देवघरात नेतो का?"

बरं, बाकीच्या बाबतीत हा माणूस सोवळं पाळेल म्हणावं तर तेही नाही. शनिवारी फरहानला बरोबर घेऊन करावे गावात चिंबोऱ्या आणायला जायचे. माझ्या डब्यात कोळंबी असली की त्यांना बरोबर त्याच वेळी माझ्याशी कामाचं बोलायचं असायचं. त्यांच्या छत्र्याही दोन होत्या, एक उलव्याची आणि एक महाप्याची. ज्या गावात पाऊस पडे, तिथली छत्री हमखास दुसऱ्या गावात असायची आणि सर निथळत ऑफिसात शिरायचे. कामातही तोच खाक्या. एकच चूक फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे दिसली तरी ती दोनदा लिहायची. "पडदा बदलला की चूक बदलते," असं ते म्हणत. प्रोग्राम लिहिणारी पोरं आम्हाला बघून जिन्याने जायला लागली होती.

मला स्वतःला असल्या थेरांचा मनापासून राग आहे. आमच्या घरी साबणाच्या उरलेल्या चिपट्या नव्या वडीला चिकटवून वापरतात. तरी एकदा मोह झाला. माझ्याकडे टीव्हीवर खेळायचा एक गेम होता, त्याचा हातात खेळायचा अवतार बाजारात आला. घ्यावा का, म्हणून मी सरांना विचारलं. म्हटलं, या विषयात याच्याहून मोठा तज्ज्ञ महाराष्ट्रात नसेल. मला वाटलं होतं, घे म्हणतील.

"कोणाबरोबर खेळतेस?" त्यांनी विचारलं.

"एकटीच. कोण आहे दुसरं?"

"मग कशाला घेतेस? आहे तोच बास. दोन मशिनं आहेत म्हणून दोन गेम लागत नाहीत."

"आणि तुम्हाला कसे लागतात?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलंय का बघितलं आणि जागेवर निघून गेले. माणूस वर्षानुवर्षं एक खुळचट गोष्ट करतो आणि दुसऱ्याला मात्र शहाणपणाचा सल्ला देतो, याचा मला इतका संताप आला की तो गेम मी घेतलाच नाही.

मग सरांचा वाढदिवस आला आणि फरहानने त्यांना भेट द्यायची ठरवली. केक वगैरे सरांना आवडत नसे. त्याच सुमारास त्या गेममध्ये नवीन सोय झाली होती. खेळ जिथवर आला ती जागा जपून ठेवतात, त्याला सेव्ह म्हणतात. आता दोन्ही मशीनचं सेव्ह एकत्र जोडता येत होतं. म्हणजे बसमध्ये जिथे थांबलात तिथून थेट घरी पुढे खेळायचं. सर मीटिंगमध्ये होते, हातातलं मशीन टेबलावर चार्जिंगला होतं. फरहानने ते उचललं, चार बटणं दाबली आणि परत ठेवून दिलं.

"आता बघ, माणूस कसा खुश होतो," तो मला म्हणाला. "इतक्या वर्षांची डबल मेहनत वाचवली मी त्याची."

मी त्याला अडवलं नाही. खरं तर मला ती आयडिया झकास वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सर आले ते सॅक न उतरवताच फरहानच्या टेबलापाशी उभे राहिले. चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा.

"काल टीव्हीवर बसमधला गेम आला," ते म्हणाले.

"तेच तर गिफ्ट, सर! आता जिथे सोडलं..."

"मी कुठे सोडायचं ते तू ठरवणार? माझ्या घरात घुसून?"

आवाज मोठा नव्हता, पण पलीकडच्या टेबलांवरच्या माना वर आल्या. सर कधी कोणावर चिडत नसत. एका गेमवरून प्रौढ माणूस एवढा पेटलेला बघून मला हसू आलं. ते त्यांना दिसलं आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कीबोर्डवर काहीतरी टाइप करायला लागले.

"माझं जुनं मला परत पाहिजे," ते फरहानला म्हणाले. "आज."

बिचारा फरहान संध्याकाळी उलव्याला त्यांच्या घरी जाऊन आला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने मला सगळं सांगितलं, आणि सांगताना तो खरंच चक्रावलेला होता.

"दरवाजा त्यांच्या आईने उघडला. मला बघून म्हनतात काय, 'कुत्रा आणायला आलास का रे?' आता मी काय बोलनार? म्हटलं, हो काकू."

"आणि मग?"

"मशीनमधे जुनी कॉपी पडलेली होती, ती लावून दिली. काम झालं. पन आत काय होतं माहितीय? वांगी! पूर्ण बेटावर वांगी लावलेली. बाहेर बसमधे ह्या मानसाने अख्खी गोष्ट संपवलीय, बहीन सापडलीय, सगळं झालंय. आनि घरी पयल्याच गावात अडकून वांगी पिकवत बसलाय. येडा हाय की काय?"

मी म्हटलं, तो तर आहेच. त्यावर आमचं लगेच एकमत झालं आणि आम्ही दुसरा चहा सांगितला.

सर फरहानशी दोन आठवडे फक्त ईमेलवर बोलले, तेही तो समोर बसलेला असताना. मग आपोआप निवळले, कारण त्यांच्या आयुष्यात मोठी भानगड सुरू झाली होती. मेधा नावाच्या एका बाईंशी त्यांचं फोनवर बोलणं चाललं होतं. नेरुळला राहणाऱ्या, सहकारी बँकेत नोकरीला, घटस्फोट झालेला. सर शर्टाला इस्त्री करून यायला लागले. एक दिवस कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. माझ्या डब्यात फक्त भेंडी होती, तरी बसले.

"रविवारी त्या घरी येणार आहेत. आई म्हणते, आपल्याकडून एक बाईमाणूस असावं. इथे आमचे नातेवाईक कोणी नाहीत."

"म्हणजे मी मुलाकडची?"

"तू काही करायचं नाही. नुसतं बसायचं. आणि बोलायचं कमी."

मी हसले, पण ते हसत नव्हते. याआधी जी स्थळं घरी आली होती ती सगळी त्या दोन गेमांपाशी येऊन अडली होती. एका मुलीच्या वडिलांनी याला व्यसन म्हटलं, एकीने फोनवर डॉक्टरचं नाव सुचवलं. "ही गेली तर मी पुन्हा कोणाला घरी बोलावणार नाही," सर म्हणाले. "आईला दर वेळी पोहे करायला लागतात आणि मग दोन दिवस ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते. ते मला सहन होत नाही." एवढं बोलून त्यांनी माझी भेंडी खाल्ली. मला त्यांची पहिल्यांदाच दया आली. भेंडी मला आवडत नाही, त्यामुळे दयेला आणखी जागा मिळाली.

रविवारी दुपारी मी पंजाबी ड्रेसवर ओढणीबिढणी घेऊन उलव्याला हजर झाले. त्यांचं घर नवव्या मजल्यावर. खिडकीतून विमानं इतकी जवळून जात की पोह्यांच्या बशीतला चमचा वाजे. सरांच्या आई बारीक, ताठ, केस कापलेल्या. बोलणं राजापूरकडचं. मेधाताई एकट्याच आल्या. "पहिल्या वेळी घरचे सगळे बरोबर आले होते," त्या बसता बसता म्हणाल्या, "त्याचं काय झालं ते पाहिलंच. म्हटलं, या वेळी एकटीच जाऊन बघते." मला त्या तिथेच आवडल्या.

पोहे झाले, बँकेचं झालं, उलव्याच्या पाण्याचं झालं. मग मेधाताईंचं लक्ष टीव्हीखालच्या फळीवर गेलं. तिथे एक मोठी डबी आणि एक छोटी डबी शेजारी शेजारी उभी होती. दोन्हींवर तोच नावाडी, तीच होडी, तोच कुत्रा.

"हे एकच आहे ना? मग दोन का?"

मी मनात म्हटलं, झालं. सरांनी घसा खाकरला आणि सोवळ्याओवळ्याचं पुराण काढलं. दिवेलागण, सतरंजी, वडापावचा हात, चपला, देवघर, काही म्हणता काही सोडलं नाही. मी डोळ्यांनी खुणावत होते की थांबा, पण माझ्याकडे बघतंय कोण! मेधाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बसमधले तुम्ही वेगळे आणि घरातले वेगळे."

"हो. म्हणजे, तसंच काहीसं."

"मग मी लग्न कोणाशी करायचं?"

विचारलं त्यांनी हसत, पण प्रश्न खरा होता. सर विचारात पडले. दुसरा कोणी असता तर काहीतरी गोड बोलून सुटला असता.

"बसमधला बरा आहे," ते शेवटी म्हणाले. "तो पुढे पुढे जातो. घरातला जरा अडकलाय."

"अडकलाय कसला, घाबरतोय शिंचा!" आई आतून चहाचा ट्रे घेऊन येत म्हणाल्या. ट्रे त्यांनी असा आपटला की कपातला चहा बशीत आला. "आणि ते सोवळं माझ्या नावावर खपवू नकोस. मी कधी पाळलंय सोवळं? जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते मी. वॉर्डात उभ्या उभ्या डबा खाल्लाय."

"आई, आत्ता नको."

"आत्ताच. ह्या पोरीने सरळ विचारलंय, तर तिला सरळ सांगायला हवं." आई मेधाताईंकडे वळल्या. "संध्याकाळी हा खेळतो आणि मी शेजारी बसून बघते. मला त्या सिरीयली बघवत नाहीत, कोणी मरत नाही आणि कोणी धड जगतही नाही त्यांच्यात. हा गेम माझा. त्या कुत्र्याचं नाव मोत्या मी ठेवलं. हा काय करतो, तर बसमध्ये पुढचं सगळं खेळून येतो, आणि पुढे काही वाईट असलं तर घरी मला तिथवर जाऊच देत नाही. म्हणून ह्याला दोन लागतात. एक पुढे जाऊन बघायला, एक मला अडवायला. मोत्या मरतो पुढच्या बेटावर. मरतो ना रे?"

सर खाली बघत होते. कान लाल झाले होते.

"तुला कसं कळलं?"

"त्या दिवशी मशीन लावलंस, तर होडीत पोरगा एकटा. विचारलं, मोत्या कुठाय, तर म्हणालास, बाहेर गेलाय. अरे, भर समुद्रात कुत्रा बाहेर कुठे जाईल?"

मला हसू फुटलं आणि मी ते चहाच्या कपात लपवलं. मेधाताई हसल्या नाहीत.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, काकू?"

"कशी बोलू? ह्याला वाटतं, मला कळलं तर मी मोडेन. म्हणून मीही रोज बसून वांग्यांचं कौतुक करते. किती छान वाढली रे, आणखी लाव रे. वांगं म्हटलं की आता माझ्या पोटात ढवळतं. मी माणसं जाताना बघितलीत, बाई, त्यांचे डोळे मिटलेत ह्या हातांनी. आणि हा मला चित्रातल्या कुत्र्यापासून जपतोय."

"तू दिवसभर एकटी असतेस," सर एकदम म्हणाले. "नवव्या मजल्यावर. कोणाशी बोलणं नाही. मी आलो की आधी विचारतेस, मोत्या काय करतोय. मी कसा सांगू तुला?"

आईंनी बशीतला चहा परत कपात ओतला. "आणि मी गेले की तू काय करणार आहेस?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझी काळजी ती आहे. असाच एका गावात बसून राहशील. लाव तो गेम. आज पुढे जायचं."

"पाहुणे आलेत."

"पाहुण्यांना बघू दे ना, कोणाशी गाठ आहे ते."

सरांनी मेधाताईंकडे बघितलं. त्या सोफ्यावरून उठून सतरंजीवर येऊन बसल्या. मग मलाही खाली बसावं लागलं, मुलाकडची म्हणून. सरांनी कन्सोल लावला. पडद्यावर बेट आलं आणि फरहान खोटं बोलला नव्हता, क्षितिजापर्यंत वांगी होती. पोरगा त्यांच्यामधून चालत किनाऱ्यावर गेला, मोत्या त्याच्या मागून. दोघे होडीत बसले, "हरवलेल्या बहिणीला शोधतोय हा," आईंनी मेधाताईंना सांगितलं, आणि होडी निघाली.

पुढचं बेट छोटं होतं, नुसता एक धक्का आणि एक झाड. मोत्या होडीतून उतरला, चार पावलं चालला आणि धक्क्यावरच आडवा झाला. पोरगा शेजारी बसला. सरांनी सवयीने बटण दाबलं, पण काही झालं नाही. त्या ठिकाणी कुठलंच बटण चालत नाही. नुसतं बसून राहायचं असतं. आई किंचित पुढे झुकून त्या कुत्र्याची छाती वरखाली होताना बघत होत्या, पेशंटकडे बघावं तशा. मग त्यांनी चष्मा काढला.

"गेला," त्या म्हणाल्या. "त्रास नाही झाला रे त्याला. शांत गेला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. माझं नाक वाहत होतं आणि एवढी ओढणी घेऊन आल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. पण सगळ्यात वाईट अवस्था सरांची. कंट्रोलर मांडीवर ठेवून ते लहान मुलासारखे मुसमुसत होते, आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

मेधाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला तर हे माहीत होतं ना?"

"कितीदा खेळलोय बसमध्ये," सर नाक पुसत म्हणाले. "तिथे काही वाटत नव्हतं. एकटाच होतो ना. पुढचा स्टॉप आला की उतरायचं. आईशेजारी बसून बघायचं, ते जमत नव्हतं मला."

मेधाताई उठल्या, पर्स खांद्याला लावली. सरांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हे पोहे वाया गेले आणि हा माणूस जन्मभर वांगी लावणार. मेधाताई दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या आणि वळल्या.

"पुढचं एवढ्यात खेळू नका. ती बहीण सापडते की नाही ते सांगूही नका कोणी. मी पुढच्या रविवारी येते."

"पुढच्या रविवारी?" आईंचा आवाज चढला. "अगं, आणि तोवर आठवडाभर मी काय बघू?"

"सिरीयल बघ," सर म्हणाले, आणि त्यांनी टीव्ही बंद केला.